चौसष्ट किलो

४ फेब्रुवारी

काल सकाळी आई माझ्या हातून पडली.

पलंगावरून खुर्चीवर घेत होतो, रोजच्यासारखंच. गेल्या वर्षीच्या झटक्यात तिची डावी बाजू गेली, त्यामुळे सगळा भार माझ्यावर येतो, आणि भार घ्यायला माझ्यात आहे काय? अर्ध्या वाटेत गुडघे लटपटले. खुर्चीचा कोपरा तिच्या कपाळाला लागला. चार टाके पडले.

दवाखान्यात दादा आला. टाके पाहिले, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "टाचणी, तुला स्वतःला सांभाळता येत नाही, तू तिला काय सांभाळणार?" टाचणी हे माझं घरातलं नाव. अंग बारीक आणि डोकं मोठं, म्हणून लहानपणी त्यानंच ठेवलेलं. आता मी चौतीस वर्षांचा आहे, तरी टाचणीच.

त्यानं एका संस्थेत चौकशी करून ठेवलीय म्हणे. तिथे उचलायला दोन-दोन माणसं असतात. आई पट्टी बांधलेल्या डोक्यानं सगळं ऐकत होती. म्हणाली, "त्या दारातून मी आत गेले की बाहेर आडवीच येईन. तुला चालणार असेल तर ने."  दादा वाईट नाही. घरभाड्याचा अर्धा वाटा तोच देतो. पण त्याच्या घरी जागा नाही, आणि जागा झाली तरी वहिनीच्या मनात नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

मी अक्षरशः हात जोडले. शेवटी म्हणाला, "एप्रिलच्या मध्याला गाडी घेऊन येतो. तू एकट्यानं तिला तीन जिने उतरवायचं, गाडीत बसवायचं आणि परत वर न्यायचं. जमलं तर संस्थेचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर त्याच गाडीतून तिला घेऊन जाईन."

मी हो म्हणून बसलो. आता तोंडचं पाणी पळालंय.

५ फेब्रुवारी

आमच्या इमारतीखालच्या औषधवाल्याकडे वजनकाटा आहे. चढलो. सेहेचाळीस. बूट काढून पुन्हा चढलो तर आणखी खाली. औषधवाला म्हणाला, "खिशात किल्ल्या ठेवा म्हणजे जरा बरं दिसेल." फारच विनोदी माणूस.

आईच्या दवाखान्याच्या कागदावर तिचं वजन चौसष्ट आहे. म्हणजे जवळजवळ दीड मी मिळून एक आई... जाऊ दे. गणितानं कुणी उचललं जात नाही.

हे सगळं मी दुकानात, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. बारा वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. आजवर उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही मालकांनी एका बाजूनं धरलं होतं.

७ फेब्रुवारी

व्यायामशाळेत जाऊन आलो. तिथला मास्तर म्हणजे दंडच दंड. मनातल्या मनात त्याचं नाव दंडाधिकारी ठेवलंय. फी ऐकून मी दरवाजाकडे वळलो, तेव्हा म्हणाला, "पहिला आठवडा फुकट असतो हो. कुणी सांगितलं नाही?" कुणीच सांगितलं नव्हतं.

समोरच्या फळीवर पावडरीचे डबे मांडलेत. एका डब्याच्या किमतीत आमच्या घरी महिन्याची डाळ येते. मी तसं म्हटल्यावर तो डब्यांकडे पाठ करून हळूच बोलला, "नका घेऊ. अंडी खा, शेंगदाणे खा, दूध-केळं खा, भात दुप्पट करा. झोप पुरी घ्या. आणि उचला. रोज थोडं थोडं वाढवत न्या. कंबर नाही वाकवायची, गुडघे वाकवायचे. काय उचलायचंय तुम्हाला एवढं?"

"आई."

तो हसला नाही. म्हणाला, "मग आईच उचला. जे काम यायला हवं, त्याचाच सराव."

८ फेब्रुवारी

आजपासून रोज सकाळी आईला खुर्चीवर नेताना, बसवण्याआधी तिला हातावर धरून आकडे मोजणार. जितके जास्त आकडे, तितकी माझी ताकद वाढली. यापेक्षा चोख माप कुठलं?

आई म्हणाली, "मेल्या, मी काय डंबेल आहे?" आणि टाके पडल्यापासून पहिल्यांदा हसली. हसता हसता टाके ओढले गेले तेव्हा मलाच चार शिव्या दिल्या. मग विचारलं, "माझं वजन आहे तरी किती?"

"चौसष्ट."

"अगं बाई! एवढी?" म्हणाली आणि बराच वेळ छताकडे बघत राहिली. जखमेवर मीठ चोळलं मी. कुठल्याही बाईला वजन सांगू नये.

आज चार आकडे झाले.

१४ फेब्रुवारी

कच्ची अंडी दुधात फेटून प्यायलो. दंडाधिकाऱ्यानं सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल. दोन दिवस संडासाच्या वाऱ्या. कमावलेलं सोडा, गाठीचं होतं तेही गेलं. आई आतून ओरडून विचारत होती, "आहेस का रे, की वाहून गेलास?"

फुकटचा आठवडाही त्यातच संपला. आता घरीच व्यायाम. पाण्याच्या दोन कॅनमध्ये वाळू भरलीय. जिन्यानं वर-खाली करतो. शेजारच्या काकू दार उघडून बघतात आणि बंद करतात.

२० फेब्रुवारी

सेहेचाळीस आणि काट्याची किंचित थरथर. पंधरा दिवस पोटात कोंबतोय आणि खाल्लेलं अंगाला लागतच नाही. भात बघितला की मळमळतं. घास तोंडात फिरत राहतो.

आई रोज आपलं अंडं माझ्या ताटात ढकलते. आताशा तिला अंड्याचा वास येतो म्हणे. पूर्वी आवडीनं खायची. झटक्यानंतर माणसाच्या चवी बदलतात, असं दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंच होतं. आधी मी नको म्हणायचो, आता घेतो. वाया घालवण्यात काय अर्थ?

खरं सांगायचं तर आज संस्थेचा विचार माझ्याही मनात आला. तिथे दोन माणसं असतात. ती पडणार नाही. मग मी सकाळी कुणाच्या शिव्या खात उठणार, हा विचार आला आणि ताटातला भात संपवला.

२७ फेब्रुवारी

आज दुकानात घात झाला. सकाळी वाळूचे कॅन जास्त वेळा नेले, त्यानं हात थरथरत होते. एका जुन्या मनगटी घड्याळाची केसासारखी स्प्रिंग चिमट्यातच वाकली. ती पुन्हा मिळणार नाही. गिऱ्हाईक म्हातारे गृहस्थ, लग्नातलं घड्याळ. त्यांनी ते रुमालात परत गुंडाळलं, त्याचंच जास्त लागलं.

मालकांनी त्यांच्यासमोर मला वाचवलं आणि मागे नेऊन सोललं. "इथे हात विकतोस तू, दंड नाही. पुन्हा थरथर दिसली तर काउंटरवर बसवीन, पगारही काउंटरचाच मिळेल." बोलता बोलता मी बाजूला ठेवलेलं घड्याळ त्यांनी उचललं. मी त्याची वेळ शेजारच्या, दुरुस्तीलाच आलेल्या घड्याळावर लावली होती. आणखी भडकले. "बारा वर्षं सांगतोय, दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर दुसरं घड्याळ लावायचं नाही! तेच मागे पडत असेल तर?"

आगीतून फुफाट्यात. ताकद कमवावी तर नोकरी जाते, नोकरी सांभाळावी तर आई जाते. आता व्यायाम संध्याकाळी, घरी आल्यावर.

६ मार्च

अकरा आकडे! आईला हातावर धरून अकरा! घामानं डबडबलो, पण गुडघे हलले नाहीत. मी ओरडलोच. आईनं उजव्या हातानं माझा दंड चाचपला आणि म्हणाली, "लागला की रे हाताला थोडासा." तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

आणखी एक गोष्ट. मला काटकसर जमायला लागलीय. दुप्पट भात खायचा म्हणून मी घाबरलो होतो, पण तांदूळ होते तितकेच पुरतायत. सकाळी तिच्या दुपारच्या जेवणाचं झाकून जातो, आणि तरी संध्याकाळी पातेल्यात भात उरलेला असतो. हाताला अंदाज आला की अशी बरकत येते. दूधही पुरतंय. उगाच पैशांच्या नावानं रडत होतो.

१४ मार्च

आईचा गाऊन धुऊन धुऊन सैल पडलाय. खांद्यावरून घसरतो. नवा घ्यायला हवा, पण एप्रिलनंतर. तिला थंडीही वाजते, एवढ्या उन्हाळ्यात दोन शाली. तिची अंगठी काल पलंगाखाली सापडली. साबणानं निसटली असणार.

शेजारच्या काकू दुपारी तिच्याकडे तासभर येऊन बसतात, ताट-वाटी धुऊन ठेवतात. आज जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "दंड बघत बसतोस आरशात. आईकडे बघ जरा."

डोकंच फिरलं. मी म्हटलं, "काकू, दिवसभर नोकरी, सकाळ-संध्याकाळ तिचंच करतो. आणखी काय बघू?"

त्या म्हणाल्या, "मला बोलायला लावू नकोस. शपथ घातलीय मला." आणि दार लावून घेतलं.

कुणी शपथ घातली हे सांगायला ज्योतिषी नको. दादानं. त्याला दुपारची खबर देणारं कुणीतरी हवंच होतं. मी पडतो की उभा राहतो, हे काकू त्याला कळवत असणार. म्हणजे शेजारीण नाही, हेर आहे.

२२ मार्च

अठ्ठेचाळीस! औषधवाल्यानं खिसे उलटे करून दाखवायला लावले. किल्ल्या नव्हत्या.

संध्याकाळी आईला घेऊन पहिला जिना उतरलो आणि चढलो. ती माझ्या मानेला एका हातानं धरून होती, डोळे मिटून. वर आल्यावर विचारलं, "जड झाले का रे मी?"

"तू? पिसासारखी!" मी फुशारकी मारली.

तिनं "बरं" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आजकाल ती फार झोपते. पडल्यानंतरची भीती गेली, मन शांत झालंय, त्याचंच लक्षण. मला मात्र झोप नाही. दोन जिने अजून बाकी आहेत.

२ एप्रिल

दादाचा फोन. सोळा तारीख ठरली. संस्थेत जागा राखून ठेवलीय, तेही सांगितलं. "मनाची तयारी ठेव," म्हणाला. आवाज मवाळ होता. तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

आईनं विचारलं, "अजून किती दिवस?" मी सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "निभेल."

९ एप्रिल

कंबर धरली. वाळूचा कॅन उचलताना कळ आली आणि मी जिन्यातच बसलो. आठवड्यावर आलंय सगळं आणि मला मोजे घालता येत नाहीत. आईला खुर्चीवर घ्यायला काकूंना बोलवावं लागलं. हेराला! आता दादाला कळायला किती वेळ?

काकूंनी एकटीनंच तिला काखेत धरून सहज खुर्चीवर बसवलं. साठीची बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने जीव तोडून जे कमावलं, ते ती बाई कुठलंही दूध-केळं न खाता करते. काकू माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी मान वळवली.

न्हाणीघरात नळ सोडून रडलो. आई बाहेरून म्हणाली, "नळ बंद कर. पाणी वाया जातंय, आणि ऐकू यायचं ते येतंयच."

नंतर म्हणाली, "पड दोन दिवस. तू तुझ्याकडून केलंस. मी आहे ना."

ती आहे ना! अर्धं अंग गेलेली बाई मला धीर देते.

१६ एप्रिल

जमलं. तेवढं आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायला हात चालत नाही.

दादा दहाला आला. मी पट्टा आवळून बांधला होता. गुडघे वाकवले, तिला घेतलं आणि निघालो. पहिला जिना, दुसरा, तिसरा. दादा पुढे उलटा उतरत होता, दोन्ही हात पसरून. हात लावायची वेळच आली नाही. गाडीत बसवलं. दादाचे डोळे भरले. म्हणाला, "टाचणी, मानलं तुला." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

मला चढली. तिला परत हातावर घेतलं तेव्हा समोर औषधवाला बघत उभा. काटा तिथेच. मी म्हटलं, थांब, दाखवतोच. मी आणि आई मिळून केवढं वजन मी तीन जिने आणलंय, ते दादाला आकड्यात दाखवायचं होतं. मला आज सकाळीच मोजलेलं माझं वजन ठाऊक होतं. एकोणपन्नास.

आई कानाशी बोलली, "नको. वर चल."

"एक मिनिट गं."

"नको म्हणते ना! चल वर!" तिनं मानेवरची कातडी चिमटीत धरली. तोवर मी चढलो होतो.

काटा अठ्ठ्याण्णववर थांबला.

मी वजाबाकी केली. पुन्हा केली. बारा वर्षं सेकंदाचे भाग मोजणारा माणूस मी, दोन आकडी वजाबाकी चार वेळा करत उभा होतो. माझ्या हातावर चौसष्ट किलो नव्हतेच. माझ्याएवढीच होती ती. शालीत हात घट्ट केला तेव्हा बरगड्या लागल्या, एकेक वेगळी. रोज सकाळी हीच बाई उचलत होतो मी. आकडे मोजत होतो.

दादा मागून म्हणाला, "किती भरलं?"

आई माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे, आणि चेहऱ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. मला ते आज दिसलं. तिनं मान अगदी थोडी हलवली. नाही.

मी काट्यावरून उतरलो. "एकशे तेरा," म्हटलं.

दादानं शीळ घातली.

वर कसा चढलो आठवत नाही. दादा चहा घेऊन, मला मिठी मारून, संस्थेला फोन करून जागा सोडून गेला.

१७ एप्रिल

दुकानाला दांडी.

काकूंकडे गेलो आणि पायाशीच बसलो. त्या रागावल्या नाहीत, उलट त्यांनीच तोंड पदरात लपवलं. "रोज दुपारी ताट समोर धरायचे. चार घास घ्यायची आणि म्हणायची, परत पातेल्यात टाका, पोराला लागतं. ऐकलं नाहीत तर तेही खाणार नाही म्हणायची. काय करणार होते मी? कितीदा वाटलं सांगावं. मग वाटायचं, सांगितलं आणि नेलं तिला, तर?"

म्हणजे माझे तीन किलो तिचेच आहेत. बाकीचे बारा कुणालाच मिळाले नाहीत.

आईसमोर उभा राहून आरडाओरडा केला. कधी केला नव्हता एवढा. "मेली असतीस तर? काय उचलणार होतो मी, तिरडी?"

ती शांतपणे म्हणाली, "तू जन्मापासून असाच. तुझ्या अंगाला कधी काही लागलं नाही. दोन महिन्यांत तू काय वाढणार होतास? दोघांपैकी कुणीतरी हलकं व्हायला नको?"

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू खाल्लं असतंस?"

मी भाताची वाटी आणली. तीन चमचे खाल्ले तिनं. चौथा उलटून पडला. पोट आता घेत नाही. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. म्हणाले, या वयात एवढं उतरलेलं परत चढेलच असं नाही. थोडं थोडं द्या, दर दोन तासांनी. वाट बघा.

२३ एप्रिल

दुपारचं आता काकू भरवतात आणि पातेल्यात काहीही परत टाकत नाहीत. सकाळ-संध्याकाळ आम्ही एका ताटात जेवतो. एक घास ती, एक मी. तिनं तोंड मिटलं की मीही मिटतो. "ब्लॅकमेल करतोस," म्हणते. "तुझ्याकडूनच शिकलो," म्हणतो. काल निम्मी वाटी गेली. आज पुन्हा दोनच चमचे. मी चिडलो तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मुद्दाम नाही रे करत. आता खरंच जात नाही."

आधी जात होतं तेव्हा खाल्लं नाही. आता खायचं म्हटलं तर जात नाही. मी कुणावर ओरडू?

६ मे

आज सकाळी तिला उचलताना कंबरेत कळ आली. दम लागला. पाच आकड्यांतच खुर्चीवर टेकवावं लागलं.

एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. म्हटलं, "आई, जड झालीस!"

 ती म्हणाली, "की तू उतरलास? माझ्याबरोबर तूही अर्धपोटी जेवतोयस, ते दिसत नाही का मला?"

मला माहीत नव्हतं. कोण वाढलंय, कोण घटलंय, ते हातांना कळत नाही. हातांवर भरवसा ठेवूनच इथवर आलो.

म्हटलं, "खाली जाऊ. काट्यावर. आधी मी एकटा, मग तू आणि मी."

"आणि कमीच निघालं तर?"

"तर परत वर येऊ आणि जेवू."

 तिनं उजवा हात पुढे केला, माझ्या मानेसाठी. "चल," म्हणाली. "पण खरा आकडा सांगायचा. दादाला सांगितलास तसला नको."

मी गुडघे वाकवले.